टेबलावर बरोबर येणारा ओलावा खळ्यावर का चुकतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आम्ही धान्यातला ओलावा मोजणारं, हातात धरायचं यंत्र बनवतोय. धान्य नळकांड्यात ओतायचं, त्याच्या धारितेवरून, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवरून, ओलावा काढायचा. १८६५० जातीचा चार्ज होणारा लिथियम सेल, व्होल्टेज स्थिर ठेवणारा १११७ रेग्युलेटर, ओएलईडी पडदा आणि ब्लूटूथ आहे. पुण्यात टेबलावर सोयाबीनचे आकडे ओव्हनमध्ये वाळवून काढलेल्या आकड्यांशी अर्ध्या टक्क्याच्या आत जुळतात. तेच यंत्र लातूरकडे खळ्यावर आणि बाजार समितीत नेलं की दीड-दोन टक्के फरक पडतो. कोकणात भातावर तर आकडा थांबतच नाही. शेत, बाजार आणि गोदाम यांसाठी तीन वेगळी मॉडेलं करावीत का?’

नाही, एकच करा. शेतकऱ्याकडचं मॉडेल वेगळं आणि अडत्याकडचं वेगळं झालं, तर त्याच ढिगाचे दोन आकडे येतील आणि भांडण तुमच्या नावावर लागेल. मात्र ते एक यंत्र पुण्याच्या टेबलासाठी बेतून चालणार नाही. शेत, बाजार, गोदाम, कोकण यांतली जी जागा ज्या बाबतीत सगळ्यांत छळते, त्या जागेसाठी ती बाब बेतायची. उजेडात खळं छळतं, घाईत बाजार समिती, दमट हवेत रत्नागिरी आणि धुळीत गोदाम. मी बावीस वर्षं हातात धरायची मोजयंत्रं बनवतोय. ‘प्रयोगशाळेत चालतं, बाहेर चालत नाही’ या तक्रारीत सेन्सर वाईट निघाल्याचं मला फार कमी वेळा दिसलं. बहुतेक वेळा सेन्सरच्या आजूबाजूला काय बदललं, हे कोणी पाहिलेलं नसतं.

एका टक्क्याची किंमत आधी कागदावर मांडा, म्हणजे कुठे किती खर्च करायचा ते ठरवता येईल. हमीभावाने खरेदीसाठी सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४ च्या हंगामात पाऊस लांबला, माल ओला आला, तेव्हा केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. आता १३ टक्क्यांचा एक क्विंटल माल १२ वर आणला, तर वजन सुमारे १.१४ किलोने घटतं. म्हणून ‘टक्क्याला किलो’ कापण्याची व्यापारातली पद्धत साधारण हिशेबाला धरून आहे. पण यंत्रच एक टक्का जास्त दाखवत असेल, तर ५० क्विंटलच्या मालावर ५० किलो विनाकारण जातात. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता, त्या दराने ते जवळजवळ २,४५० रुपये होतात. एका टक्क्याच्या चुकीने, एकाच शेतकऱ्याचे.

आता तुमच्या दीड-दोन टक्क्यांकडे येऊ. माझा पहिला संशय हातावर आहे.

पाण्याचा परावैद्युतांक, म्हणजे पदार्थ मध्ये आला की धारिता किती पट होते तो आकडा, ८० च्या आसपास असतो आणि कोरड्या धान्याचा दोन ते चार. या फरकावरच तुमचं मोजमाप उभं आहे. पण नळकांड्याची एकूण धारिता काही दशक पिकोफॅरड (धारितेचं अगदी बारीक एकक) असते आणि एका टक्क्याने होणारा बदल त्याचा अगदी छोटा भाग असतो. माणसाचा पंजा हाही एक मोठा, ओला, जमिनीशी जोडलेला पत्राच. प्लास्टिकच्या पेटीबाहेरून तो नळकांड्याला कवटाळतो तेव्हा आकड्यात भर घालतो. पुण्यात यंत्र लाकडी टेबलावर होतं. खळ्यावर ते हातात होतं, आणि बाजार समितीत बहुधा लोखंडी वजनकाट्यावर. हे तीन वेगळे परिसर आहेत आणि तुमच्या सर्किटला ते तिन्ही दिसतात.

करून पाहा. नळकांड्यात तोच माल ठेवा, हलवू नका. टेबलावर आकडा घ्या, मग मुठीत धरून, मग स्टीलच्या ताटात ठेवून. नंतर यंत्राला मोबाइलचा स्वस्त चार्जर लावून पुन्हा घ्या. हा चौथा आकडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दचकलो होतो. चार्जरमधून झिरपणारा मेन्सचा गोंगाट सगळ्या सर्किटला एकत्र वर-खाली हलवतो आणि मोजणारं सर्किट त्यालाच ओलावा समजतं.

उपाय जुना आहे. आतला इलेक्ट्रोड मोजणारा आणि बाहेरचा नळा सर्किटच्या ग्राउंडला जोडलेला, अशी एकात एक नळ्यांची रचना करा. बाहेरचा नळा खालूनही बंद हवा, कारण हात बहुतेक खालीच असतो. मोजणाऱ्या तारेला शेवटपर्यंत गार्ड द्या, म्हणजे तिच्याच व्होल्टेजवर ठेवलेलं वेष्टन. एवढं केल्यावर चारही आकडे ०.२ टक्क्यात आले पाहिजेत. येत नसतील तर कॅलिब्रेशनला, म्हणजे यंत्राचे आकडे ओव्हनशी जुळवण्याला, हात लावू नका, कारण तोवर तुम्ही धान्याबरोबर हातही कॅलिब्रेट करत राहाल. आणि केबल लावलेली असताना मोजमाप सरळ बंद ठेवा. ग्राहक कुरकुर करेल, करू द्या.

दुसरा संशय तापमानावर. तापमान दुरुस्ती असेलच तुमच्याकडे, पण तापमान कशाचं घेताय? बोर्डावरचा सेन्सर बोर्डाचं तापमान सांगतो, धान्याचं नाही. सोयाबीनसारख्या मालाला एका अंशामागे साधारण ०.१ टक्क्याची दुरुस्ती लागते. ट्रॅक्टरच्या पेटीत उन्हात पडलेलं यंत्र ५० अंशांवर असतं आणि पोत्याच्या पोटातला माल ३० वर. बोर्डावरच्या सेन्सरवर विसंबलात तर इथेच दोन टक्के गेले. तापमान मोजणारा थर्मिस्टर धान्यात बुडणारा हवा, पातळ धातूच्या टोपणात, आणि टोपण पेटीपासून उष्णतेने तुटलेलं. तरी त्याला स्थिर व्हायला वेळ लागतोच.

या वेळेपाशी अवघड निर्णय येतो. सौदा सुरू झाला की अडत्या आणि खरेदीदार ढिगामागून ढीग करत पुढे सरकतात. एका ढिगापाशी अर्धं मिनिट मिळालं तरी नशीब. तुम्ही ‘दोन मिनिटं थांबा’ म्हणणारं यंत्र दिलंत तर ते कपाटात जाईल आणि खरेदीदार पुन्हा दाणा दाताखाली फोडून ‘हवा आहे मालात’, म्हणजे माल ओला आहे, म्हणेल. माझं मत पक्कं आहे. यंत्राने २० सेकंदांत उत्तर द्यावं, पण धान्य आणि यंत्र यांच्या तापमानात दहा अंशांहून जास्त अंतर असेल तर आकडा देऊच नये. ‘थांबा, यंत्र गरम आहे’ एवढंच दाखवावं. तुमच्या मालकांना हे आवडणार नाही. त्यांना सांगा की चुकीचा आकडा एकदा पावतीवर गेला की मागे घेता येत नाही, आणि त्याची झळ ज्याला बसते तो यंत्राचा ग्राहकही नसतो. तो ढिगाच्या पलीकडे उभा असतो.

त्या पलीकडच्या माणसासाठी आणखी एक गोष्ट. आमच्या एका जुन्या यंत्रात साध्या जातीचा एलसीडी होता. अशा पडद्याला बघण्याची एक ठरलेली दिशा असते. आमच्या धंद्यात तिला घड्याळावरून नाव देतात, ‘सहा वाजताची’ किंवा ‘बारा वाजताची’. आम्ही सहाची घेतली होती, म्हणजे धरणाऱ्याला झकास दिसे. बाजार समितीत एका सकाळी मी मुद्दाम शेतकऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तिथून पडदा कोराच दिसत होता. शेतकरी यंत्राकडे न बघता अडत्याच्या तोंडाकडे बघत होता, कारण आकडा त्याला तोंडूनच कळायचा. चार महिने तो पडदा मी रोज हाताळत होतो आणि एकदाही समोरून पाहिला नव्हता. पुढच्या यंत्रात पडदा वरच्या अंगाला आडवा बसवला, दोन्हीकडून वाचता येईल असा घेतला आणि आकडा २५ मिलिमीटर उंच केला.

तुमचा ओएलईडी त्यासाठी काढाच. खोलीत ३०० ते ५०० लक्स उजेड असतो, दुपारच्या उन्हात एक लाखाच्या घरात. ओएलईडी स्वतःच्या उजेडावर चमकतो आणि उन्हापुढे हरतो. परावर्ती एलसीडी उलट उन्हात जास्त स्पष्ट दिसतो आणि वीजही नगण्य खातो. गोदामाच्या अंधारासाठी त्याचा अर्धपरावर्ती प्रकार घेऊन मागे एक मंद दिवा द्या, बटण दाबल्यावर पाच सेकंद लागणारा. तापमानाचा पल्ला तपासून घ्या. साधे पडदे ५० अंशांपर्यंतचे असतात आणि त्यापुढे काळे पडायला लागतात. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ७० अंश सहज होतात, तेव्हा ७० वाला रुंद पल्ल्याचा घ्या.

भाषेचंही इथेच सांगतो. ‘सोयाबीन’, ‘तूर’, ‘हरभरा’, ‘भात’, ‘थांबा’, ‘सेल बदला’ एवढे शब्द बहुतेक पुरतात. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर देवनागरी अक्षरजोडणी करण्याच्या फंदात पडू नका. शब्द आधीच चित्र म्हणून रंगवून मेमरीत ठेवा. वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं एखाद्या मराठी वाचणाऱ्याकडून पडद्यावरच तपासून घ्या, संगणकावर नकोत. मुख्य आकड्यात दशांश एकच ठेवा. १२.३७ असं दाखवलं की लोकांना ते खरं वाटतं, आणि तुमचं यंत्र तेवढं खरं नाही.

आता कोकण. भाताचा आकडा थांबत नाही, याचं कारण मला तुमच्या गाडीच्या एसीत दिसतंय. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण २६ अंशांवर येतो. २४ अंशांच्या गाडीतून किंवा लॉजच्या खोलीतून काढलेलं यंत्र त्या हवेत आलं की थंड ताक भरलेल्या पेल्यासारखं बाहेरून घामेजतं. तुमच्या नळकांड्याच्या भिंतीवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि तुम्ही भाताऐवजी तो थर मोजता. यंत्र बाहेरच्या हवेइतकं गरम होईपर्यंत आकडा सरकत राहतो. रिकाम्या नळकांड्याचं मोजमाप सुरुवातीलाच घ्या. ते कारखान्यातल्या नोंदीपेक्षा ठरावीक मर्यादेबाहेर गेलं असेल तर ‘नळकांडं पुसा’ दाखवा. याच एका तपासणीने दव, चिकटलेला कोंडा आणि आत अडकलेला दाणा, तिन्ही पकडले जातात. त्याच वेळी एक पक्का, तापमानाने न बदलणारा कपॅसिटर मोजून सर्किट शाबूत आहे का तेही बघा. भाताची मर्यादा १७ टक्क्यांची आहे, म्हणजे तिथला माल मुळात जास्त ओला असतो. ओल्या धान्यातून वीजही थोडी वाहते आणि कमी वारंवारितेला ती धारितेत मिसळते. तुम्ही काही किलोहर्ट्झवर मोजत असाल तर मेगाहर्ट्झच्या घरात जा.

बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे दमटपणा अडवणारा पातळ लेप, द्या. किनाऱ्यावर मीठ आणि दमटपणा मिळून जवळजवळच्या पायांमध्ये गळती सुरू होते, आणि तुमच्यासारख्या नाजूक सर्किटला ती आधी जाणवते. कोटिंगच्या आधी बोर्ड नीट धुऊन घ्या, नाहीतर डाख देताना उरलेला फ्लक्सचा थर आतच कोंडला जातो आणि त्रास वाढतो.

माल ओतण्याबद्दल प्रश्नात काही नाही, पण तिथेही अर्धा टक्का लपलेला असतो. दाणे सैल पडले की आकडा कमी, ठोकून बसवले की जास्त. तुमच्या इंजिनिअरचा हात रोज एकसारखा ओततो. हमालाचा ओंजळीने ओततो, घाईतल्या मुनिमाचा एका झटक्यात. वरती एक नरसाळं बसवा, तळाला झडप असलेलं. माल आधी नरसाळ्यात भरायचा, मग झडप ओढायची, म्हणजे दर वेळी त्याच उंचीवरून, त्याच वेगाने पडेल. नरसाळं साध्या प्लास्टिकचं करू नका. कोरड्या हवेत दाणे घासून त्यावर स्थिर वीज साठते. विदर्भात डिसेंबर-जानेवारीत हे मी बोटाला बसलेल्या चटक्याने शिकलो. धातूचं करा आणि ग्राउंडला जोडा. स्थिर विजेची चाचणी स्पर्शाने ८ आणि हवेतून १५ किलोव्होल्टपर्यंत करून घ्या, आणि नरसाळं, बटणं, यूएसबीचं तोंड या तिन्ही जागी.

वीजपुरवठा तुमच्या आराखड्यातला सगळ्यांत कच्चा दुवा आहे. १११७ जातीचा रेग्युलेटर काही न करता सुमारे ५ मिलिअँपिअर खातो. दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास झाले. २,६०० चा सेल यंत्र नुसतं पडून असलं तरी तीन आठवड्यांत रिकामा. त्याहून वाईट म्हणजे त्याला बाहेर जाणाऱ्या व्होल्टेजपेक्षा एक व्होल्टहून अधिक वरचं व्होल्टेज लागतं. ३.३ व्होल्ट हवे असतील तर सेलचे भरगच्च ४.२ व्होल्टही अपुरे पडतात. म्हणजे सेल उतरत जाईल तसं तुमच्या सर्किटचं व्होल्टेज सरकतं आणि सकाळचा आकडा संध्याकाळी जुळत नाही. तुमच्या दीड टक्क्यात याचाही वाटा असणार.

मी तुमच्या जागी दोन पेन्सिल सेल टाकले असते. लिथियम सेल ४५ अंशांवर चार्ज करू नये म्हणतात, आणि मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी, हरभरा येत असताना, सावलीतलंच तापमान तिथवर पोचतं. शिवाय त्या सेलला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी, चार्जिंगचं सर्किट, जास्तीची सुरक्षा हे सगळं आलं. पेन्सिल सेल गावातल्या किराणा दुकानात मिळतो. हिशेब असा: दिवसाला २०० मोजण्या, प्रत्येकी १५ सेकंद, ३० मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला २५ मिलिअँपिअर-तास. झोपेत ५ मायक्रोअँपिअर, तो हिशेबात धरायलाही नको. २,५०० चे सेल कागदावर १०० दिवस चालतात. प्रत्यक्षात निम्मे धरा, तरी ऐन हंगामात दीड महिन्यातून एकदा सेल बदलायचे. सेल ०.९ व्होल्टपर्यंत उतरले तरी यंत्र चालेल असा बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज वाढवून देणारं सर्किट, घ्या. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, तेही मग चालतात. बूस्ट कन्व्हर्टर गोंगाट करतो. मोजताना तेवढ्या काही मिलिसेकंदांसाठी त्याला बंद करा आणि कपॅसिटरवर भागवा. हंगाम संपला की सेल काढून ठेवायचे, हे पेटीवरच छापा, कारण गळलेला सेल स्प्रिंगा खाऊन टाकतो.

सेलच्या स्प्रिंगवरून माझ्याकडून झालेली एक मोठी चूक सांगतो. आमची यंत्रं मोटारसायकलच्या डिकीतून फिरायची. खड्ड्यात सेल उसळायचे, क्षणभर वीज तुटायची, यंत्र पुन्हा सुरू व्हायचं. तेवढं चाललं असतं, पण एका यंत्रात नेमकी त्याच क्षणी मेमरीत नोंद लिहिली जात होती आणि कॅलिब्रेशनचा एक आकडा बिघडला. यंत्र छान चालत राहिलं आणि सोयाबीन १.८ टक्के जास्त दाखवत राहिलं. पाच दिवसांनी एका शेतकऱ्याने तोच माल दुसऱ्या यंत्रावर मोजून आणला तेव्हा कळलं. त्या पाच दिवसांत किती लोकांचे पैसे कापले गेले याचा हिशेब मला लावता आला नाही, आणि ती गोष्ट अजून मनातून जात नाही. तेव्हापासून कॅलिब्रेशनच्या दोन प्रती ठेवतो, प्रत्येकीला तपासबेरीज असते, म्हणजे आकडे बिघडले का हे सांगणारी बेरीज. दोन्ही जुळल्या नाहीत तर यंत्र मोजत नाही. रोजच्या नोंदी मेमरीच्या वेगळ्याच भागात जातात. व्होल्टेज पडताना लिहिणं रोखणारं सर्किट आणि दोन्ही टोकांना दुहेरी स्प्रिंग हे आता आमच्याकडे ठरूनच गेलंय.

पेटीबद्दल फार लिहीत नाही. आयपी ६५ पुरे, म्हणजे धूळ आत नाही आणि पाण्याचा फवारा चालतो. पण पूर्ण बंद पेटी उन्हात तापून अचानक पावसात भिजली की आतली हवा आकसते आणि रबराच्या कडेने पाणी ओढून घेते. हवा जाऊ देणारा आणि पाणी अडवणारा पडदा एका छिद्रावर लावा, काही रुपयांचं काम आहे. सेलचा कप्पा मुख्य पेटीपासून वेगळा सीलबंद करा, म्हणजे सेल बदलणाऱ्याचे हात बोर्डापर्यंत पोचणार नाहीत. बटणं तीनच, मोठी, आणि धुळीने माखलेल्या अंगठ्याने दाबता येतील इतकी अंतरावर. कमरेच्या उंचीवरून काँक्रीटवर सहाही बाजूंनी पाडा. पाडल्यावर ‘चालू होतंय का’ एवढंच बघू नका, आकडा तोच येतो का ते बघा. नळकांड्याला बारीकसा पोचा आला तरी धारिता बदलते.

ब्लूटूथ खरोखर कोणाला हवंय, हे एकदा विचारा. ठेवलंत तर डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची) मंजुरी लागेल, आधीच मंजुरी असलेलं मॉड्यूल घेतलं तर काम हलकं होतं. गोदामवाल्यांना नोंदी हव्या असतात, बाजारात आणि खळ्यावर कोणी फोन जोडत बसत नाही. अचूकतेसाठी ओआयएमएल या मोजमापाच्या नियमांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची आर ५९ ही शिफारस धान्य आणि तेलबियांच्या ओलावामापकांसाठीच आहे. आराखड्याआधी ती वाचा. यंत्र कुठल्या तापमानाला, कशा पुरवठ्यावर, किती चुकू शकतं याची भाषा तिथे तयार आहे.

शेवटी कॅलिब्रेशनचा माल. तुम्ही बहुधा एकाच पोत्यात पाणी मिसळून वेगवेगळे ओलावे बनवलेत. असा भिजवलेला दाणा वरून ओला आणि आतून कोरडा राहतो, यंत्र त्याला जास्त ओला समजतं. नैसर्गिक ओला माल ऑक्टोबरमध्येच मिळतो. खळ्यावरून, काढणीच्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वाणांचे नमुने घ्या. दुहेरी प्लास्टिक पिशवीत हवा काढून बांधा आणि त्याच दिवशी ओव्हनला लावा. अख्ख्या सोयाबीनला १०३ अंशांवर ७२ तास लागतात. घाई करून ते कमी करू नका, कारण तुमचं यंत्र या ओव्हनपेक्षा खरं कधीच होऊ शकत नाही.

यंदाच्या हंगामासाठी दहा नमुना यंत्रं बनवा. तीन खळ्यांवर, तीन बाजार समितीत, दोन गोदामात आणि दोन कोकणात भाताला द्या. तुमचा माणूस सोबत पाठवू नका. प्रत्येक यंत्राबरोबर एकाच मालाची सीलबंद पिशवी द्या आणि रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी तीच मोजून वहीत लिहायला सांगा, शेजारी यंत्र कुठे ठेवलं होतं तेही. महिन्याने दहा वह्या टेबलावर उघडून ठेवा. दुपारचा रकाना आधी वाचा.